हाडांच्या एक्स-रेवरून वय काढतात ते कसं? (ऑसिफिकेशन टेस्ट)

साडेनऊची_लोकल

कोर्टाच्या बातमीत हे वाक्य हमखास असतं: ‘ऑसिफिकेशन चाचणीनुसार वय १६ ते १८’. कायद्याची रेघ आहे १८ वर आणि चाचणी सांगते १६ ते १८. मग नक्की कळलं काय? एक्स-रेत बघतात काय, कुठली हाडं, आणि एवढी ऐसपैस जागा सोडावी का लागते? इथे रेडिओलॉजीवाले आहेत, न्यायवैद्यकवाले आहेत, वकीलही आहेत, म्हणून धागा काढतोय. ‘गुगल करा’ सोडून काहीही चालेल.

किरणोत्सुक

ऑसिफिकेशन म्हणजे कूर्चेचं हाड होणं. एक्स-रेत दिसते ती हाडाची परिपक्वता. वय त्यावरून आपण काढतो, आणि सगळी गोम त्या ‘काढतो’मध्ये आहे.

वाढत्या वयात लांब हाडाचं टोक आणि दांडा वेगवेगळे असतात, मध्ये कूर्चेची पट्टी असते. तीच ग्रोथ प्लेट. हाडात कॅल्शियम (अणुक्रमांक २०) आणि फॉस्फरस (१५) ठासून भरलेला. कूर्चा, स्नायू वगैरेंत मुख्यतः कार्बन, ऑक्सिजन, हायड्रोजन. कमी ऊर्जेच्या क्ष-किरणांचं शोषण अणुक्रमांकाच्या साधारण तिसऱ्या घाताने वाढतं. म्हणून हाड पांढरंफटक आणि कूर्चा शेजारच्या स्नायूसारखीच काळपट. फिल्मवर टोक आणि दांडा यांच्यामध्ये जी काळी फट दिसते ती हीच.

वयात येताना फट अरुंद होते, मग कुठेतरी मधूनच हाडाचा पूल पडतो, मग ती पूर्ण बुजते आणि तिथे बारीक पांढरी रेघ उरते. ही रेघ पुढे कित्येक वर्षं दिसू शकते. ती पाहून ‘अजून जुळलेलं नाही’ असं लिहिणं ही नवख्यांची नेहमीची चूक. काळी फट म्हणजे उघडं, पांढरी रेघ म्हणजे बंद.

आपल्या पथ्यावर पडणारी गोष्ट अशी की सगळी हाडं एकदम जुळत नाहीत, त्यांचा क्रम ठरलेला आहे. कोपर आधी: मुलींत साधारण १३-१४, मुलांत १४-१६. मनगट, म्हणजे कोपराखालच्या दोन हाडांची (रेडियस आणि अल्ना) खालची टोकं: मुलींत १६-१७, मुलांत १७-१९. कमरेच्या हाडाच्या वरच्या काठावर इलियाक क्रेस्टची टोपी बसते. मुलींत ती १४ च्या आसपास दिसायला लागते आणि १७ ते १९ मध्ये जुळते, मुलांत दोन्ही गोष्टी उशिरा. सगळ्यांत शेवटी कॉलर बोनचं छातीच्या बाजूचं टोक: विशीच्या पुढे, २२ पर्यंत किंवा त्याहूनही नंतर.

म्हणून एका हाडावरून वय सांगत नाहीत. जे जुळलंय ते खालची मर्यादा देतं, जे जुळलेलं नाही ते वरची. दोन्हींच्या मधली जागा म्हणजे तुमचं ‘१६ ते १८’.

डार्करूम

किरणोत्सुक यांनी लिहिलं ते वाचणाऱ्याच्या बाजूने. काढणाऱ्याच्या बाजूने थोडं, कारण निम्मे घोळ टेबलावरच होतात.

नेहमीचा संच: कोपर समोरून आणि बाजूने, मनगटासकट पंजा, खांदा, पेल्विस (कमरेची हाडं) समोरून. दातांसाठी ओपीजी, म्हणजे अख्ख्या जबड्याचा एकच सलग फोटो. १८ च्या पुढचा प्रश्न असेल तर कॉलर बोन.

पंजा डावा, तळवा खाली, बोटं किंचित फाकलेली. नळीपासून अंतर १०० सेंमी, ५० ते ५५ केव्हीपी (किरणांचा जोर), २ ते ४ एमएएस (किरणांचं प्रमाण), ग्रिड (विखुरलेले किरण अडवणारी जाळी) नको. मध्य मधल्या बोटाच्या पेराच्या मुळाशी, म्हणजे तिसऱ्या मेटाकार्पलच्या डोक्यावर. मनगटाच्या वर निदान दोन इंच हात फिल्ममध्ये यायलाच हवा. कोलिमेशन (किरणांची चौकट) घट्ट करायच्या नादात नेमकं रेडियसचं टोक कापलं जातं आणि ज्याच्यासाठी फोटो काढला तेच गायब.

मनगट तिरकं पडलं तर फटीची पुढची आणि मागची कड एकमेकांवर येते आणि उघडी फट बुजलेली दिसते. वय दोन वर्षांनी वाढायला एवढं पुरतं. शंका आली तर बाजूने एक फोटो काढा, वाद तिथेच मिटतो.

पेल्विसला ग्रिड, ७० ते ७५ केव्हीपी. इथे गंमत अशी की मधल्या जाड भागाला पुरेल एवढं एक्स्पोजर दिलं की पातळ क्रेस्ट जळून जाते. डिजिटलमध्ये विंडो बदलून ती बऱ्याचदा परत मिळते. छापील फिल्मवर गेली ती गेली. त्यामुळे रिपोर्ट करणाऱ्याने मॉनिटरवर बघावं, खिडकीच्या उजेडात फिल्म धरून नाही. (हे अजूनही होतं, म्हणून लिहिलं.)

कॉलर बोन पाठीमागून किरण सोडून काढावी, छाती डिटेक्टरला टेकवून. आतलं टोक डिटेक्टरजवळ राहतं, कमी फुगतं. तरी मणका आणि फासळ्या त्यावर येतातच. मग १०-१५ अंश फिरवा. खरं उत्तर हवं असेल तर १ मिमी किंवा त्याहून पातळ कापांचा सीटी. ५ मिमीच्या कापात एवढीशी टोपी दोन कापांच्या मध्ये हरवते आणि ‘अजून उगवलीच नाही’ असा शेरा पडतो.

आणि डावा-उजवा मार्कर शिशाचा, एक्स्पोजरच्या वेळी ठेवलेला. नंतर सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेला ‘एल’ उलटतपासणीत टिकत नाही.

ढोपर

वाचनखूण साठवली. डार्करूम काका, किरणोत्सर्गाचं काय पण? मूल असेल आणि एवढे फोटो?

डार्करूम

पंजाचा डोस साधारण ०.००१ मिलिसिव्हर्ट, नगण्य. ओपीजी त्याच्या दसपट-वीसपट, तरी नगण्यच. पेल्विस मात्र अर्ध्या मिलिसिव्हर्टच्या वर जातो, कारण बीजाशय थेट किरणांत असतात. तुलनेला: काहीही न करता निसर्गातून वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. म्हणून आधी कोपर, मनगट आणि दात बघावेत, प्रश्न तिथेच सुटला तर पेल्विस काढूच नये. मुलगी असेल तर पाळीची तारीख विचारून लिहून ठेवायची. गरोदरपणाची शक्यता असेल तर पेल्विस रद्द. शिशाचा एप्रन घालून पंजा आणि ओपीजीवर भागवायचं. सोबत स्त्री कर्मचारी हवीच.

साडेनऊची_लोकल

मस्त. पण ही वयं ठरवली कुणी? मागे वाचलं होतं की कुठल्याशा अमेरिकन अ‍ॅटलासशी फोटो जुळवून बघतात. तिथली मुलं आणि गोवंडीतली मुलं एकाच मापाने?

किरणोत्सुक

वर्मावर बोट ठेवलंत. तो ग्रॉइलिक-पाइल अ‍ॅटलास. १९५० चा, दुसरी आवृत्ती १९५९ ची. त्यातले पंजे क्लीव्हलंडच्या खात्यापित्या गोऱ्या घरांतल्या मुलांचे, १९३० च्या दशकात आणि चाळिशीच्या सुरुवातीला काढलेले. वाढीच्या तक्रारी, उंची, थायरॉइड यांसाठी बालरोगतज्ज्ञ तो वापरतात ते ठीक. तिथे जन्मतारीख आधीच माहीत असते आणि हाड तिच्या पुढे आहे की मागे एवढंच बघायचं असतं. न्यायवैद्यकात उलटं: जन्मतारीखच माहीत नाही. टॅनर-व्हाइटहाउस पद्धतीत एकेका हाडाला गुण देतात, त्यामुळे ती जास्त काटेकोर. पण वेळ जास्त खाते आणि आधार युरोपातलाच.

भारतीय हाडांवरचं काम १९३० च्या दशकात गॉलस्टाउन यांनी बंगालमध्ये केलं. आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांतले बरेच आकडे तिथून आलेत, वर दिलेलेही त्याच घराण्यातले.

हाडाला वयापलीकडचीही बरीच कारणं असतात. कुपोषण, जुनाट आजार, थायरॉइड कमी असणं, दीर्घकाळ स्टेरॉइड यांनी हाड मागे राहतं. लवकर वयात येणं, लठ्ठपणा यांनी पुढे पळतं. फुटपाथवर वाढलेला १७ वर्षांचा मुलगा मनगटावरून १५ चा दिसू शकतो, त्यात फिल्मचा दोष काही नाही. दातांवर कुपोषणाचा परिणाम हाडांपेक्षा कमी होतो, म्हणून ओपीजी सोबत हवाच. दुसरी कायमची दाढ १२ ते १४ मध्ये येते. त्यानंतर फक्त अक्कलदाढ उरते, आणि तिचं उगवणं अगदी बेभरवशाचं, १७ ते २५ कधीही. म्हणून हिरड्यातून बाहेर आली का हे न बघता तिचं मूळ किती बनलंय ते बघतात. डेमिर्जियन यांच्या ए ते एच अशा आठ पायऱ्या आहेत. काहींना अक्कलदाढ जन्मतःच नसते, तेव्हा ‘आली नाही’ आणि ‘नाहीच’ यातला फरक ओपीजीशिवाय कळणार नाही.

पंचनामा

एक उदाहरण सोडवून दाखवतो, काल्पनिक आहे.

मुलगी. कोपर: हाडांची सगळी टोकं जुळलेली, रेघही पुसट. मनगट: रेडियसच्या टोकाला मध्यावर पूल पडलाय, अंगठ्याच्या बाजूला काळी फट शिल्लक. अल्ना तशीच. इलियाक क्रेस्टची टोपी पूर्ण लांबीभर दिसते, पण हाडाला चिकटलेली नाही. ओपीजी: दुसऱ्या दाढेची मुळं पूर्ण, टोकं बंद, अक्कलदाढेचं मूळ अर्ध्यापर्यंत.

आता लावा. कोपर जुळलंय म्हणजे १४ च्या खाली असणं कठीण. मनगट पूर्ण नाही म्हणजे १७ च्या वर असणं कठीण. क्रेस्ट मोकळी आहे, तीही तेच सांगते. दुसऱ्या दाढेचं मूळ बंद असल्याने खालची मर्यादा १५ कडे सरकते. मत: ‘१५ पेक्षा जास्त, १७ पेक्षा कमी’. ‘१६ वर्षं’ असा एकच आकडा लिहायचा नाही. आणि प्रत्येक सांध्याचं निरीक्षण वेगळं लिहायचं, नुसता निष्कर्ष नाही. कोर्टात दोन वर्षांनी विचारतात तेव्हा निष्कर्ष आठवून उपयोग नसतो, मनगटाची फट लिहिलेली असावी लागते.

अजून एक. मागणीपत्रावर पोलिसांनी ‘वय अंदाजे १९’ लिहिलेलं असतं. फिल्म वाचेपर्यंत ते पान उलटं ठेवावं. डोळ्याला एकदा आकडा दिला की फट बुजलेलीच दिसते.

उंची, वजन, दुय्यम लैंगिक लक्षणं, दातांची मोजणी, ओळखीच्या दोन खुणा, अंगठा, संमती हे सगळं त्याच बैठकीत. खुणा का, तर फिल्म याच व्यक्तीची हे सिद्ध करायचं असतं.

काळा_कोट

कायद्याची बाजू. बाल न्याय अधिनियम २०१५, कलम ९४. क्रम पक्का आहे: आधी शाळेचं जन्मतारखेचं प्रमाणपत्र किंवा मॅट्रिकचं प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, दोन्ही नसतील तरच ऑसिफिकेशन किंवा दुसरी अद्ययावत वैद्यकीय चाचणी. तीही बाल कल्याण समितीच्या किंवा बाल न्याय मंडळाच्या आदेशाने, आदेशापासून १५ दिवसांत.

मुंबईत व्यवहारात याचा अर्थ असा: मूल इथलं असेल तर वॉर्ड ऑफिसात जन्मनोंद आधी शोधा. बाहेरून आलेलं असेल तर गावच्या शाळेत माणूस पाठवावा लागतो, आणि तो कंटाळा आला की सगळे एक्स-रेकडे धावतात. डोंगरीला मंडळासमोर पहिला प्रश्न कागदाचाच येतो. आणि एक खाचखळगा: आपल्याकडे जन्मतारखेचा पुरावा म्हणून सर्रास चालणारा ‘शाळा सोडल्याचा दाखला’ कलम ९४ मधलं प्रमाणपत्र नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटलंय.

दोन वर्षांच्या फरकाबद्दल १९८२ चा जया माला निकाल सगळे वाचून दाखवतात: एक्स-रेवरून काढलेल्या वयात दोन्ही बाजूंना दोन वर्षांची चूक गृहीत धरता येते. म्हणजे पंचनामा यांच्या उदाहरणात १३ ते १९ सुद्धा ओढता येईल! प्रत्यक्षात इतकं ओढत नाहीत, पण ज्याच्या बाजूचं असेल तो प्रयत्न करतोच. १६ ते १८ च्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल तर कलम १५ खाली प्राथमिक मूल्यमापन होतं, त्यामुळे १६ ची रेघही तितकीच महागात पडते. पोक्सोमध्ये (बालकांवरच्या लैंगिक अत्याचारांचा कायदा) १८.

आणि डिजिटल प्रतिमा असेल तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र, हॅश व्हॅल्यूसकट (फाइल बदलली नाही हे दाखवणारा तिचा सांकेतिक ठसा). जुन्या पुरावा कायद्यातलं ६५बी. नुसती सीडी पाकिटात घालून पाठवली की ती पाकिटातच राहते.

फलाट_नंबर_६

एवढा व्याप कशाला? डीएनएवरून नेमकं वय निघतं की आता.

पंचनामा

डीएनएवरून नातं आणि ओळख निघते. वयासाठी डीएनएवरच्या मिथाइल खुणा मोजायच्या पद्धती आहेत, पण त्यातही काही वर्षांची चूक असतेच. १७ वर्षं ११ महिने आणि १८ वर्षं १ महिना यात फरक करणारी चाचणी कुठलीही नाही.

ढोपर

अवांतर होईल, पण पोस्टमॉर्टेमला एक्स-रे कशासाठी काढतात? गोळी शोधायला एवढंच माहीत आहे.

पंचनामा

अवांतर कसलं, तो धाग्याचा दुसरा अर्धा भाग आहे.

गोळीसाठी: कपडे काढायच्या आधी एकदा, काढल्यावर एकदा. कपड्यांत अडकलेली गोळी हलवाहलवीत ट्रॉलीखाली जाते. नेहमी दोन फोटो, एकमेकांना ९० अंशांत. एकाच फोटोत गोळी मणक्यावर दिसते, ती मणक्यात आहे की पोटाच्या भिंतीत हे कळत नाही. प्रवेशाची जखम आहे, बाहेर पडल्याची नाही आणि छाती-पोटात गोळीही नाही, असं झालं तर पूर्ण शरीराचा एक्स-रे. रक्तवाहिनीत शिरलेली लहान गोळी प्रवाहाबरोबर मांडीपर्यंत जाऊ शकते.

फोटोवर पट्टी लावून कॅलिबर सांगू नये. हिशोब बघा: नळी ते डिटेक्टर १०० सेंमी, गोळी डिटेक्टरच्या १७ सेंमी वर. म्हणजे नळी ते गोळी ८३ सेंमी. १०० भागिले ८३ म्हणजे १.२. ७.६५ मिमीची गोळी ९.२ मिमी मोजली जाते आणि रिपोर्टात ९ मिमीचं पिस्तूल उगवतं. पुढे बॅलिस्टिक्सच्या रिपोर्टात ७.६५ आलं की सगळा खटला त्या एका ओळीवर लोंबकळतो. एक्स-रेवर फक्त ‘धातूसदृश अपारदर्शक वस्तू’ आणि जागा लिहावी. गोळी काढताना दातेरी चिमटा नको, बोटांनी किंवा रबर लावलेल्या चिमट्याने. ओरखडा पडला की गोळीवरच्या, बंदुकीच्या नळीच्या आट्यांच्या खुणा बिघडल्या.

गोळीवरचं अ‍ॅल्युमिनियमचं आवरण फिल्मवर पुसट दिसतं, नजरेतून सुटतं. काच बहुतेक दिसते, लाकूड आणि प्लास्टिक नाही.

गळा दाबल्याच्या संशयात गळ्यातलं हायॉइड हाड काढून वेगळं एक्स-रे करतात, कमी केव्हीपीवर. तिथे फसायची जागा अशी की तरुण वयात मधला भाग आणि शिंगं यांच्यात कूर्चेचा सांधाच असतो. दोन्ही बाजूंना सारखी, गुळगुळीत काठांची फट असेल तर तो सांधा. एका बाजूला, खडबडीत, आजूबाजूला रक्त साकळलेलं असेल तर मोड. एक्स-रे एकटा हे सांगत नाही, हाताने आणि डोळ्याने बघावं लागतं.

जळालेल्या किंवा कुजलेल्या देहाची ओळख: आयुष्यात कधी सायनससाठी कवटीचा फोटो काढला असेल तर कपाळातल्या पोकळ्यांची नक्षी जुळवतात, ती माणसागणिक वेगळी. मात्र दोन्ही फोटो एकाच कोनात हवेत, नाहीतर एकाच माणसाच्या दोन नक्षी दिसतात. काहींना त्या पोकळ्या नसतातच. हाडात प्लेट किंवा कृत्रिम सांधा असेल तर उत्तमच. तो काढून त्यावरचा क्रमांक वाचायचा.

काळा_कोट

जिवंत माणसाच्या मारहाणीतही एक्स-रेवर सगळं फिरतं. हाड किंवा दात मोडला की भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ खाली गंभीर दुखापत. नाकाच्या हाडाचे खटले तर किती!

किरणोत्सुक

नाकाचंच सांगतो. नाकाच्या हाडावर मज्जातंतूची खाच असते, ती फिल्मवर बारीक काळी रेघ म्हणून दिसते. ती नाकाच्या कण्याला समांतर जाते. मोड बहुतेक वेळा कण्याला आडवी. एवढं पाहिलं तरी निम्मे वाद संपतील. लांब हाडांत रक्तवाहिनीची वाट तिरकी, गुळगुळीत पांढऱ्या काठाची, एकाच भिंतीतून जाणारी. मोडीचे काठ धारदार.

पहिल्या दिवशी फिल्म साफ म्हणजे मोड नाही असं नव्हे. मनगटातलं स्कॅफॉइड १० ते १४ दिवसांनी परत काढा. तान्ह्या बाळाला मारहाणीचा संशय असेल तर पूर्ण सांगाड्याचे सुटेसुटे फोटो, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा. एकाच मोठ्या फोटोत अख्खं बाळ बसवणं ही शुद्ध टाळाटाळ. मागच्या फासळ्यांचे आणि हाडांच्या टोकांचे मोड त्यात दिसत नाहीत, आणि संशय घ्यायचा तो नेमका त्यांचाच. पहिल्यांदा न दिसलेली फासळी दुसऱ्यांदा भरून येताना फुगीर दिसते.

फलाट_नंबर_६

ओके, डीएनएचं मागे घेतो. आईची हाडं ठिसूळ झालीत, तिचा डेक्सा (हाडांची घनता मोजतात तो) हाही यातलाच प्रकार का?

किरणोत्सुक

तत्त्व तेच. दोन वेगवेगळ्या ऊर्जांचे किरण. हाड आणि मांस त्यांना वेगळ्या प्रमाणात अडवतात, वजाबाकीतून हाडातलं खनिज मिळतं. टी-स्कोअर (निरोगी तरुण हाडाशी तुलना करणारा आकडा) उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस. वय झालेलं असेल तर मणक्याचा आकडा एकटा धरू नका, तिथल्या काट्यांमुळे आणि महाधमनीतल्या कॅल्शियममुळे तो फसवा चांगला येतो. खुब्याचा बघा. बाकी वेगळ्या धाग्यावर बोलू.

साडेनऊची_लोकल

एक शेवटचं. हातावरची बंदुकीची दारू ओळखतात त्यालाही ‘एक्स-रे अ‍ॅनालिसिस’ म्हणतात. तिथे कुठला फोटो?

पंचनामा

फोटो नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली कणावर इलेक्ट्रॉनचा झोत मारला की प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरलेल्या ऊर्जेचे क्ष-किरण परत देतं. कण साधारण मायक्रॉनभराचे, गोल. एकाच कणात शिसं, बेरियम आणि अँटिमनी तिन्ही असतील तर तो काडतुसाच्या टोपीचा.

यंत्राच्या आलेखावर मूलद्रव्यांची शिखरं येतात; ती एकमेकांवर चढतात, तिथे फसगत होते. शिशाचं एक शिखर आणि गंधकाचं, दोन्ही २.३ केईव्हीला (हे ऊर्जेचं एकक), म्हणून शिशाचं १०.५ चं शिखर दिसल्याशिवाय शिसं म्हणायचं नाही. बेरियम आणि रंगातलं टायटॅनियम ४.५ ला. आणि जखमेच्या कडेच्या नमुन्यात हाडाचा चुरा असेल तर कॅल्शियमचं ३.७ चं शिखर अँटिमनीच्या ३.६ ला झाकून टाकतं. फटाक्यांत बेरियम असतं, ब्रेक लायनिंगच्या धुळीत बेरियम आणि अँटिमनी दोन्ही. गॅरेजवाल्याच्या हातावर सुटे कण सापडले म्हणून उड्या मारायच्या नाहीत. तिन्ही एकाच गोल कणात हवेत, आणि लोखंडाचा ढीग सोबत नको.

जिवंत माणसाच्या हातावरून हे कण चार-सहा तासांत बरेचसे झडतात, हात धुतले तर लगेच. मृतदेहाचे हात जागेवरच पिशवीत बांधायचे, पण कागदी. प्लास्टिकच्या पिशवीत, त्यातही आपल्याकडच्या दमट हवेत, तासाभरात आतून पाणी सुटतं आणि सगळे कण पिशवीच्या तळाशी.